लिंबूवरचं मडकं

थोरल्या भावाच्या तेराव्याच्या पंगतीत मी सगळ्यांना एकच विचारलं होतं, "आता दादाच्या लिंबूला पाणी कोण घालेल?" मामानं फक्त बुंदीचं ताट पुढे सरकवलं.

मग काय, मीच घालायला लागलो. आणि पुढे जे करून बसलो ते ऐकाल तर चहा नाकातून येईल. म्हणून आधी कप खाली ठेवा!

दादाला बोअरच्या पाण्याचा भारी राग. "खारं आहे, रोप जळते," म्हणायचा. पत्र्याच्या पन्हळीखाली निळा ड्रम लावून तो पावसाचं पाणी धरायचा. यंदाही धरलं. ड्रम गच्च भरला आणि दादा गेला. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला होता हो!

मी टेम्पो चालवतो. दोन दिवस सिहोऱ्याचं भाडं आलं. आई तर दादा गेल्यापासून अंगणात पाऊल टाकत नव्हती. रोपाचं काय? माझं डोकं शाळेत कधी चाललं नाही, पण इथं चाललं! तीन काठ्यांची तिवई बांधली, वर मडकं ठेवलं, मडक्याला भोक, भोकात चिंधीची वात. ड्रमची तोटी बारीक सोडून नळी मडक्यात. टप... टप... ठिबक तयार!

फक्त थेंबानं मातीत खड्डा पडत होता. म्हणून नर्मदेच्या ग्वारीघाटावरून आणलेला एक काळा गुळगुळीत गोटा खाली ठेवला आणि निघालो.

आता सांगा, तिवईवर मडकं, खाली नर्मदेचा काळा गोटा, त्यावर थेंब थेंब पाणी. हे कशासारखं दिसतं? तुम्हाला लगेच कळलं ना? मला नाही कळलं!

सोमवारी परत आलो तर अंगणात ही गर्दी! गोट्याला गंध, बेलाचा ढीग, लिंबूच्या फांदीला घंटी. शेजारच्या दुबे चाची लोटा घेऊन सगळ्यांच्या पुढे.

"भैया, बड़े भाग तुम्हारे! भोलेनाथ खुद प्रकट हुए हैं!"

"चाची, वो पत्थर तो मैंने रखा है!"

"तुमने कहाँ रखा? उन्होंने रखवाया है!"

मी ड्रममध्ये वाकलो. रिकामा! दादानं धरलेला सगळा पाऊस अभिषेकात वाहून गेला होता. वरून दूध, दही, मध. रोप बिचारं गळ्यापर्यंत पंचामृतात उभं. मुंग्या तर सिहोऱ्याहून माझ्याच टेम्पोत आल्या असाव्यात!

माझं डोकं सटकलं. ओरडलो, "हा देव नाही! माझ्या दादाचा दगड आहे!"

झालं! आई आतून धावत आली. "अरे मेल्या, दादाचा जीवखडा घरी काहून आणला? दहा दिवस ज्याच्यावर पाणी घातलं, तो नदीत सोडायचा असते!"

"जीवखडा नाही गं! माती उडून राहिली होती म्हणून..."

"मग दादाचा काहून म्हणाला?"

तोवर चाचींनी बायकांना सांगून टाकलं, "सुनो, बड़े भैया भी इसी में समा गए हैं!"

सगळ्यांनी पुन्हा हात जोडले. आता आरती दोघांची, महादेवाची आणि दादाची! जो जन्मभर देवळात फक्त प्रसादाच्या वेळी गेला, त्या दादाची! आई तोंडाला पदर लावून आधी रडली, मग हसतच सुटली. तिथंच, अंगणात.

मी ड्रम आडवा केला. तळाशी लोटाभर पाणी निघालं, दादाच्या पावसाचं शेवटचं. ते घेऊन रोपाकडे निघालो, तर चाची ओरडल्या, "भैया, चप्पल!"

"चाची, लिंबू है वो, लिंबू!" मी म्हणालो.

आणि चप्पल काढून पाणी घातलं.