एका गाळ्यात दोघं

सौंसरच्या बस स्टँडसमोर आमचं आलूबोंड्याचं दुकान आणि त्याला लागूनच पोहेवाल्यांचं. मधे एकच भिंत. तरी अकरा वर्षं त्यांचं-आमचं बोलणं बंद होतं. कारण सांगायलाही लाज वाटते. आमचा एक बाक त्यांच्या दारापुढे सरकला होता. आमच्या ह्यांनी उचलायला उशीर केला, त्यांनी तो उचलून रस्त्यावर ठेवला, आणि शब्दाला शब्द वाढत गेला.

मग सगळंच महागत गेलं. गॅसची टाकी, तेल, बेसन. आधी आम्ही आलूबोंडा लहान केला, मग त्यावर ओतायची तर्री पातळ केली. मसाला मीच भाजते, त्यामुळे ते मला फार लागलं. एक रिटायर्ड मास्तर रोज यायचे. वाटी खाली ठेवत म्हणाले, "बाई, तर्रीत पाणीच लागून राहिलं आज." मी आत गेले आणि पाट्यापाशी नुसती उभी राहिले. शेवटी भाव वाढवला, तेव्हा कितीतरी लोक चहा पिऊनच उठायला लागले.

उन्हाळ्यात गाळेमालक आला. दोन्ही गाळे त्याचेच. घरपट्टी वाढली, कचऱ्याचा कर वेगळा. म्हणाला, "मी कुठून भरू? भाड्यातच घ्यावं लागीन." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याशी भांडायचं त्राणही आमच्यात नव्हतं.

चार दिवसांनी दुपारी पोहेवाले आमच्या दारात उभे. हे तेल गाळत होते. ह्यांची मान खालीच.

"वहिनी, पाणी द्या जरासं."

अकरा वर्षांनंतरचे पहिले शब्द. त्यांनी अख्खा गिलास संपवला, मग ह्यांना म्हणाले, "भाऊ, मी गाळा सोडून राहिलो."

"काहून?"

"दोन भाडे, दोन मीटर, दोन शेगड्या. पुरत नाही आता. माह्ये पोहे दहाच्या आत संपतात, तुमचं गिऱ्हाईक दहानंतर येते. सकाळी मले इथं उभं राहू द्या. भाडं अर्धं-अर्धं करू."

हे तेल गाळतच राहिले. आता हे बाकाचं काढतात, असं मला वाटलं. पण ह्यांनी गाळणं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "बसा. उभे काहून?"

पहिल्या तारखेला त्यांची बायको कढई घेऊन आली. आमच्या दुकानात कधी पाय ठेवला नव्हता तिनं. "ताई, हे कुठं ठेवू?" तिनं विचारलं, आणि मी माझ्या मसाल्याच्या डब्यांची फळी रिकामी केली. खरं सांगते, मनातून करवत नव्हतं. ती फळी लग्नानंतर मी स्वतः ठोकून घेतली होती. तिला ते कळलं असावं. तिनं अर्धीच फळी घेतली.

बाजूच्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. आमचं भाडं निघतं, एवढंच. बाकी काही शिल्लक पडत नाही. कधी पोह्यांची कढई दहा वाजून गेले तरी शेगडीवरच असते. मग हे झारा जोरात आपटतात आणि बेसन कालवायला घेतात.

पहिले काही दिवस पोहेवाले कढई घासून झाली की समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसायचे. बारा वाजायचे, एक वाजायचा. बसगाड्या येत, जात. एकदा मी म्हटलं, "भाऊजी, घरी जाऊन पडा ना घडीभर."

"घरी जाऊन काय करू, वहिनी? जिंदगी गेली दुपारभर दुकानात बसण्यात."

ह्यांनी ते ऐकलं. उकडलेल्या आलूंचं घमेलं उचललं, बाहेर नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं आणि परत आत आले. तेव्हापासून आमचे आलू तेच सोलतात. मजुरी मागत नाहीत, आमच्यानं देणं होतही नाही. निघताना मी चार आलूबोंडे कागदात बांधून हातात देते. ते घेतात.