समथरहून येताना पोती खाली कुणी बांधली?

आधी रामसेवकजींचं नाव लिहितो, मग काय झालं ते. ते कानपूर–झाशी हायवेला ट्रक चालवतात. त्या दिवशी ते मागे नसते तर हे लिहायला मी नसतो.

मी आटपाडीकडचा. आठवीत शाळा सोडली आणि इकडे झाशीला, बडा बाज़ारात गलाईच्या दुकानात लागलो. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. भूत-बित मी कधी मानलं नाही. दिवसभर भट्टीसमोर बसणारा माणूस, मला कसलं भूत...

सोनारांच्या दुकानातली झाडलेली माती आम्ही आणतो, तिच्यात सोन्याचे कण असतात. मार्चमध्ये भर दुपारी मी समथरहून अशी दोन पोती घेऊन मोटरसायकलवर निघालो. खरं तर पोती दोन्ही बाजूंना, खाली बांधावीत. पण आमच्यात ती माती म्हणजे लक्ष्मी — पायाजवळ लटकवायची नाही. आमचे शेठ, आण्णा, त्यांचा सक्त नियम. म्हणून मागच्या कॅरिअरवर पत्र्याची पेटी आणि पेटीवर दोन्ही पोती, एकावर एक. पार माझ्या डोक्यापर्यंत.

मोंठ गाव सोडून हायवेला लागलो. आण्णांचा फोन येऊन गेलेला, "भट्टी तापलीय, लवकर ये." नव्वदच्या वर गेलो. एका बसला मागे टाकून तिच्या आडोशातून बाहेर आलो आणि वारा थेट पोत्यांवर आदळला. हँडल थरथरलं... मग डावं-उजवं, डावं-उजवं. जितकं घट्ट धरावं तितकं वाढायचं. ब्रेक दाबला तर मागचं चाक सरकलं. माझ्या हातात काहीच राहिलं नाही. "आई गं" एवढंच तोंडातून निघालं.

आणि मागून दोन तळहात माझ्या पाठीवर टेकले. हळूच. मला टाकीवर वाकवलं, तान्ह्या पोराला निजवतात तसं. पुढचं चाक जड झालं. हँडल शांत.

कडेला थांबलो आणि तिथेच मातीत बसलो. रामसेवकजींनी ट्रक हळू करून मागची सगळी वाहनं अडवून धरली होती. ते उतरून धावत आले.

"काए भैया, मरबे निकरे हते का? अगला पहिया नाच रहा था!" मरायला निघाला होतास का, म्हणत शिव्या देत देत त्यांनी मला पाणी पाजलं. "इतना वज़न पीछे, ऊपर से इतना ऊँचा... हवा तो उड़ा ही देगी!"

हे म्हणत ते पोत्यांकडे वळले आणि वाकून बघायला लागले.

पोती वर नव्हती. एक डावीकडे, एक उजवीकडे, फूटरेस्टजवळ खाली. तीच दोरी. गाठी पक्क्या.

"बोरियाँ तो ऊपर थीं ना?"

"हाँ जी."

"मैं पीछे ही था. तुम रुके कब?"

"रुका ही नहीं, चाचा."

त्यांनी कानाला हात लावला आणि बराच वेळ माझा खांदा धरून बसून राहिले. मग झाशी येईपर्यंत चाळीसच्या वेगानं माझ्या मागे मागे आले.

आण्णा म्हणाले, "दोरी ढिली बांधली असशील, घसरली पोती. शेवटी लक्ष्मीला पायाशी आणलंसच ना!" पण घसरलेलं पोतं स्वतःला गाठ मारतं का?

पोती अजून वरच बांधावी लागतात. आण्णांपुढे माझं काय चालणार? दुसरं काम मला येत नाही. शेजारून बस गेली की घाम फुटतो. ते हात कुणाचे होते, पुन्हा येतील का... काही कळत नाही. आईला तर सांगितलेलंच नाही.

रामसेवकजी, तुमचा नंबर घ्यायचंही मला सुचलं नाही. तुम्ही हे वाचणार नाही, मराठी तुम्हाला येत नाही. पण कधी तुमचा ट्रक रस्त्यात बंद पडलेला दिसला, तर भट्टी कितीही तापलेली असो, मी थांबेन. तुम्ही मार्गी लागेपर्यंत हलणार नाही. शब्द देतो.