आमच्या केंद्रावरचं एकमेव मत

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, पण ओढा ओलांडून चार शेतं चाललं की आंबेगाव तालुका लागतो. नव्वदच्या दशकात लोकसभेच्या निवडणुका इतक्या लागोपाठ आल्या की शाळेच्या भिंतीवरचा ‘मतदान केंद्र’ हा कागद निघायच्या आत त्याच्यावर दुसरा चिकटायचा. एका वर्षी तर लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी उरकली. प्रत्येक उमेदवार ओढ्यावर पूल बांधायचं कबूल करून जायचा, आणि दर निवडणुकीला हा पूल वाढत गेला. आधी नुसती फरशी होती, मग साकव झाला, मग दुपदरी पूल. शेवटच्या आश्वासनात त्याला दोन्ही बाजूंनी दिवे होते. ओढ्यात मात्र दगडच राहिले. पारगावच्या कारखान्याला जाणारा ऊस लांबून वळसा घालून जायचा. टोमॅटोला वळसा परवडत नाही, म्हणून क्रेट डोक्यावर घेऊन आम्ही त्याच दगडांवरून पलीकडच्या टेम्पोपर्यंत जायचो.

मतपत्रिका जाऊन यंत्र आलं, त्या लोकसभेला गावाने बहिष्कार घालायचं ठरवलं.

माझ्या वडिलांचा त्याला विरोध होता. घरात आणि गावात सगळे त्यांना तात्या म्हणत. मताचं वय झाल्यापासून त्यांनी एकही मतदान चुकवलं नव्हतं. लोकसभेपासून सोसायटीपर्यंत, कारखान्याच्या संचालकांपासून दूध डेअरीपर्यंत, जिथे मत होतं तिथे ते सकाळी पहिल्या रांगेत असत. गावात त्यांना आणखी एक मान होता. दोन शेतांमधल्या बांधाचं भांडण झालं की तात्यांना बोलवायचं. ते दोरी टाकून मोजत, खूण दाखवत, आणि दोन्ही बाजू ती मानत. ना सही, ना कागद. तात्यांचा शब्द, एवढाच त्याला आधार होता.

खंडोबाच्या देवळात बैठक झाली तेव्हा तात्या म्हणाले, “मत दिलं नाही तर पूल मागायचा कुणाकडे?”

खालच्या मळ्यातले काका, म्हणजे आमचे भावकीतले, पुढे सरसावले. “तात्या, इतकी वर्सं दिलंच की. काय मिळालं? दगडं!”

“गाव म्हणेल तसं,” तात्या म्हणाले. “पण मग सगळ्यांनी. एक जरी गेला तर हसं होईल.”

सगळ्यांनी भंडारा उचलून शपथ घेतली. तात्यांनीही घेतली.

मतदानाच्या दिवशी कर्मचारी आले. त्यांचे प्रमुख दुसऱ्या गावच्या शाळेतले एक गुरुजी होते. नवं यंत्र टेबलावर मांडून ते सकाळपासून दाराकडे बघत बसले. दाराबाहेर गाव उभं होतं, आत कुणी जात नव्हतं. बहिष्कार मतदानावर होता, पाहुण्यांवर नव्हता, त्यामुळे चहा दर तासाला जात होता. दुपारी पिठलं, भाकरी, ठेचा आणि ताकाची कळशी गेली. काका स्वतः वाढायला होते. “घ्या गुरुजी, लाजू नका. तुमचा काय दोष?” तात्या धुतलेलं धोतर आणि टोपी घालून देवळाच्या कट्ट्यावर सगळ्यांना दिसतील असे बसले होते. दुपारी ऊन वाढून माणसं पांगली तेव्हा ते घरी येऊन आडवे झाले. आमचं घर शाळेच्या मागे आहे, आणि रस्ता शाळेवरूनच येतो.

मोजणी बऱ्याच दिवसांनी झाली. पूर्वी आमच्या मतपत्रिका इतर केंद्रांच्या मतपत्रिकांत मिसळत, त्यामुळे कोणत्या गावाने काय केलं ते कळत नसे. यंत्र मात्र केंद्रागणिक आकडा सांगतं. मोजणीला गेलेला आमचा एक माणूस परत आला तो टोपी हातात घेऊनच. आमच्या केंद्रावर एक मत पडलं होतं. तेही निवडून आलेल्या उमेदवाराला.

देवळात पुन्हा बैठक. ज्याने मत दिलं त्याच्या बोटावर अजून शाई असेल, तेव्हा बोटं दाखवा, असं ठरलं. सगळ्यांनी हात पुढे केले आणि घोटाळा झाला. हंगाम टोमॅटोच्या तोडणीचा. झाडाचा चीक बसून सगळ्यांची बोटं नखांपर्यंत काळी झालेली. त्या न्यायाने गावात शंभर टक्के मतदान झालं होतं. फक्त तात्यांचे हात स्वच्छ होते, कारण वयामुळे ते तोडणीला जात नव्हते.

काका त्यांच्या बोटाकडे वाकून बघत म्हणाले, “तात्या, एवढं साफ कसं?”

“मी टोमॅटो तोडत नाही.”

“का घासलं?”

“काय घासलं?”

“तेच म्हनतो मी. शाई व्हती म्हनूनच घासलं आसंल.”

मी मध्ये पडलो. म्हणालो, “काळं बोट असेल तर शाई, आणि पांढरं असेल तर घासलेलं, मग निर्दोष बोट कोणतं?” तात्यांनी एकही मतदान चुकवलेलं नाही आणि ते दुपारी शाळेवरून गेले, एवढं सगळ्यांना पुरलं.

कुणी तोंडावर वाईट बोललं नाही. पण बांधाला बोलावणं बंद झालं. दोन सख्ख्या भावांचं भांडण लागलं, तर त्यांनी सरकारी मोजणीला अर्ज केला. तारीख पुढच्या वर्षाची मिळाली, आणि तोवर त्यांनी मधली पट्टी पडीक ठेवली, पण तात्यांना हाक मारली नाही. तात्या मला एकदाच म्हणाले, “आयुष्यात एकदा मत दिलं नाही, आणि तेच मला चिकटलं.”

मला आकडा जुळल्याशिवाय चैन पडत नाही. नारायणगावच्या बाजारात ते गुरुजी भेटले तेव्हा मी सरळ विचारलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, “ते माझं आहे.”

निवडणुकीच्या कामावर असलेल्या माणसाला एक प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून तो नेमलेल्या केंद्रावरच मत देऊ शकतो. “बहिष्कार तुमच्या गावाचा होता,” गुरुजी म्हणाले, “माझा नव्हता. आणि दिवसभर ते यंत्र माझ्याकडे बघत होतं हो.”

“मग गावात येऊन एवढंच सांगा.”

“मत दिलं एवढं सांगायला काही नाही. पण कुणाला दिलं ते मी सांगणार नाही. सरकारी नोकर आहे मी.”

इथे मीही अडलो. केंद्रावर मतच एक. दिलं असं म्हटलं की कुणाला दिलं हे सांगून झालं. गुप्त मतदानाचा हा प्रकार कुणाच्या लक्षात आला नसावा. त्यांचं नाव न घेण्याचं मी कबूल केलं आणि घरी आलो.

त्याच आठवड्यात निवडून आलेल्या साहेबांचा कार्यकर्ता मोटारसायकलवरून गावात आला. म्हणाला, “अख्ख्या गावाच्या विरोधात एकटा माणूस साहेबांच्या पाठीशी उभा राहिला, त्याचा सत्कार करायचाय. आणि ओढ्यावरचा पूल साहेब निधीतून देणारेत. नारळ मात्र त्याच मतदाराच्या हातून फोडायचा. कोण ते?”

संध्याकाळपर्यंत त्या एका मताचे तीन धनी झाले. तिघांनीही भंडारा उचललेला होता. त्यातले एक आमचे काका होते. आपल्याला आधीपासूनच साहेबांची ओढ होती असं ते सांगू लागले. कार्यकर्त्याने डोकं धरलं, कारण एका मताला तीन शाली आणल्या तर वर हिशोब काय द्यायचा? शेवटी गावाने विचार केला की ज्याने मत दिलं असा सगळ्यांचा आधीच विश्वास आहे तोच माणूस द्यावा. म्हणजे तात्याच मतदार, यावर पुन्हा एकमत झालं. आता फक्त आनंदाने.

सगळे आमच्या अंगणात आले. काका पुढे. “तात्या, झालं गेलं सोडा. तुमीच दिलं म्हना.”

“मी दिलं नाही.”

“आवो, आमी माफ केलंय आता!”

“पण मी दिलंच नाही.”

मी म्हणालो, “मत देणारा आपल्या गावचा नाहीच. मला पक्कं माहीत आहे.”

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “आरं गप की राव. मत परगावच्या मानसाचं निघालं तर पूल त्याच्या गावाला जाईल. तुला काय कळतं?”

एक जण म्हणाला, “पावसाळ्यात पोरं त्या दगडांवरून जात्यात, तात्या. एक शब्द बोलाय काय जातं तुमचं?”

तात्यांनी ओढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “येतो मी. पण माझ्या जागी कुणी बोलायचं नाही.”

शाळेच्या पटांगणात मांडव पडला. साहेबांनी तात्यांना शेजारी बसवून घेतलं. लोकशाही, एकाकी लढवय्या, असं बरंच बोलले आणि माईक तात्यांच्या हातात दिला. तात्या उभे राहिले.

“मी मत दिलेलं नाही,” ते म्हणाले. “देवळात शपथ घेतली होती, ती पाळली. पूल आम्हा सगळ्यांना पाहिजे. द्यायचा तर तसाच द्या.”

माझ्या शेजारी काकांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी जोरात टाळ्या वाजवल्या. “बघा! याला म्हणतात गुप्त मतदान! सत्काराला आला तरी माणूस सांगत नाही!” सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला. तात्या “नाही, नाही” म्हणत होते, तोवर त्यांच्या खांद्यावर शाल पडली आणि हातात नारळ आला. त्यांनी तो परत टेबलावर ठेवला. मग काकांनी तो उचलून फोडला.

पूल झाला. एकपदरी, दिवे नसलेला, पण झाला.

पुलावरून पहिले क्रेट गेले त्याच दिवसांत काका सकाळी अंगणात आले. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने बांध फोडला होता. “तात्या, चला. दोरी टाका.”

तात्या खाटेवरून उठले नाहीत. “माझ्या शब्दावर विश्वास आहे?”

“हे काय इचारनं झालं? तुमच्याबिगर हाय कोन?”

“मग मी मत दिलं होतं का नव्हतं?”

काका हसले. “ते सोडा वो. दिलं आसंल तर दिलं आसंल. पूल झाला न्हवं?”

“उत्तर दे.”

काकांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या. मग म्हणाले, “न्हवतं दिलं.”

“आता बांध फोडणाऱ्यालाही घेऊन ये. त्यानेही म्हणायचं.”

तो आला, चिडलेलाच होता, पण म्हणाला. मग तात्यांनी टोपी घातली आणि दोघांच्या मधून शेताकडे निघाले. सरकारी मोजणीची तारीख लावून बसलेले ते दोघे भाऊ तिसऱ्या दिवशी आले. पट्टी कुणाची हे अजून ठरायचं होतं. तात्यांनी मत दिलं नव्हतं, हे मात्र दोघे एका सुरात म्हणाले.