उटकटाऱ्याची मुळी

अंगणातल्या उटकटाऱ्याला यंदाही निळसर काटेरी गोंडे आलेत. पाणी घालताना बोटाला काटा टोचला आणि आरमोरीकडच्या आमच्या घरातली ती दुपार आठवली. पंचावन्न-छप्पन साल असेल.

सासूबाईंनी हे झाड परसात जपलं होतं. उन्हाळ्यात ते वरून पार वाळलं, तरी त्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायच्या. माझ्या पहिल्या बाळंतपणात लवकर सुटका व्हावी म्हणून सुईणीनं त्याचीच मुळी माझ्या केसांत बांधली आणि सगळ्यांना बजावलं, "लेकरू झालं का तुरंत सोडजा. नाई तं हे मुळी बाईचाबी जीव ओढून नेते."

बाळ रडलं. "पोट्टा झाला!" म्हणत साऱ्याजणी बाळाभोवती जमल्या, सुईणही त्याच्यातच गुंतली. मुळी माझ्या केसांतच राहिली. हात उचलवेना, आवाज फुटेना. पोटात पुन्हा कळ आली, तेव्हा वाटलं, आता मीही चालले.

इतक्यात केसांत बोटं शिरली. "भेऊ नको वो पोरी, सोडली ना मी." सासूबाई! एरवी मी त्यांच्या नजरेलाही भ्यायचे.

मुळीनं कुणाचा जीव जात नाही, हे पुढं कळलं. तरी हे काटे मी जपते. त्या घटकेला सासूबाईंनी नातवाचं तोंडही पाहिलं नव्हतं.