सव्वाबारा स्लगची गठाण

सन २००६. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. अकोल्याच्या ज्या कापसाच्या जिनात मी उभी हयात मापारी म्हणून काढली, त्याच्या फाटकाला कुलूप लागून बराच काळ झाला होता. कापसाला भाव नव्हता. पेपरात रोज कोणा शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी, म्हणून मी पेपर शेवटच्या पानापासून वाचायचो आणि पहिलं पान यायच्या आत घडी घालून ठेवायचो.

अशात एका रविवारी सकाळी माझी नात अमरावतीहून घरी आली. ती तिथं इंजिनीअरिंगला होती, होस्टेलात राहायची. एरवी एक पिशवी घेऊन यायची. या खेपेला गादी गुंडाळून आणली होती.

गादी पाहिली अन् मला कळलं. परत जाणारा माणूस गादी आणत नाही.

"मेकॅनिक्सचा पेपर दोनदा गेला आबाजी," ती म्हणाली. "मंगळवारी तिसऱ्यांदा हाये. मी नाही देत. माह्यानं होत नाही."

तिचा बाप, म्हणजे माझा पोरगा, गादी उचलून आत ठेवून आला. त्या साली कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं, कोण काय मनाला लावून घेईल याची धास्ती होती. मी मात्र म्हटलं, "काय होत नाही ते दाखव."

"तुमाले काय समजते त्यातलं?"

"नाई समजलं तं नाई समजलं. दाखवाले काय जाते?"

तिनं पुस्तक काढलं. परदेशातलं, जुनं, पुठ्ठा शिवलेलं. त्यांचे एक सर त्यातूनच गणितं घालायचे. त्यात पौंड होते. मी सरसावून बसलो. पौंड म्हणजे आमचा रतल. मी चौथी शिकलेला, पण तीनशे ब्याण्णव रतलांची रुईची दाबलेली गठाण मी झोपेतही सांगीन. पुढं किलो आले, तेही शिकलो, पण रतल विसरलो नाही.

"रतलात काय अडते?"

"रतलात नाही, स्लगात. रतलाचे स्लग कराचे असतात."

"माही गठाण घे. कर."

तिनं पाठकोऱ्या कागदावर गुणाकार मांडला. उत्तर आलं बारा हजार सहाशेच्या वर.

"स्लग मोठा का रतल मोठा?" मी विचारलं.

"स्लग. बत्तीस रतलांचा एक."

"मंग मोठ्या मापानं मोजल्यावर आकडा वाढला कसा? ज्वारी पायलीनं मोजली तं आकडा लहान येते, शेरानं मोजली तं मोठा. आमच्या जिनात असं लिहिलं असतं तं मले सायबानं फाटकाबाहेर काढलं असतं."

तिनं गुणाकार खोडून भागाकार केला. तोवर मी तोंडीच सांगितलं, "सव्वाबारा."

"बारा पॉइंट अठरा," ती म्हणाली.

"सव्वाबारा."

"आबाजी, बरोब्बर बत्तीस नसते. बत्तीस अन् वर थोडं असते."

"वरचं थोडं म्हणजे कडता," मी म्हटलं. कडता म्हणजे व्यापारी धूळ-कचऱ्याच्या नावानं वजनातून कापतो तो. त्यापायी मी जन्मभर भांडलो. "तो कोणाच्या खिशात गेला?"

ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पण लगेच तोंड पडलं. "भागाकार तं घोकता येते. पण हे स्लग काहून पाह्यजे तेच समजत नाही. वजन तं वजन असते ना. सर म्हणतात, वजन अन् वस्तुमान येगळं. चंद्रावर..."

"चंद्रावर कापूस कोण नेऊन राहिला?"

मीही तिच्यासारखाच मानत होतो, की वजन ते वजन. आमच्याकडं जुना मणही गावोगाव वेगळा होता, अचलपूरचा एक अन् अकोल्याचा एक. स्लगही तसाच एखाद्या मुलुखाचा मण असेल, असं मी तिला ठासून सांगितलं. तसं पुस्तकात नाही, म्हणाली. पुस्तक चुकलं असेल, म्हटलं.

मग पान उलटायला हात पुढं केला आणि माझं डावं मनगट मलाच दिसलं. वाकडं. जिनात एकदा साखळीला टांगलेली गठाण झोका घेऊन भिंतीकडं चालली होती. मी ती हातानं थांबवायला गेलो अन् मनगट मोडलं.

"पाह्य," मी म्हटलं, "गठाण मी उचलली नव्हती. तिचं सगळं वजन साखळीवर होतं. मंग माहं मनगट कशानं मोडलं?"

मी उठलो. गोठ्याच्या आढ्याला दोन पोती टांगली, एक सरकीचं, एक कुटाराचं म्हणजे भुशाचं, दोन्ही दिसायला सारखी. म्हटलं, "दोन्हीचं वजन आढ्याकडं हाये. आता ढकल."

कुटाराचं पोतं बोटानं हललं. सरकीच्या पोत्याला तिनं खांदा लावला. ते सावकाश निघालं अन् परत येताना तिला दोन पावलं मागं घेऊन गेलं.

"हा त्याचा अडेलपणा," मी म्हटलं.

"तुमच्यासारखा," माझी बुढी, म्हणजे तिची आजी, चुलीपासून म्हणाली.

नात तिथंच शेणामातीत बसली अन् बोलत सुटली. "रतलभराची चीज सोडली का तिच्या वजनाचा रतलभर जोरच तिले खाली ओढते, अन् दर सेकंदाले तिचा वेग बत्तीस फुटांनी वाढते. तेवढ्याच जोरानं वेग एकाच फुटानं वाढाचा तं चीज बत्तीसपट अडेल पाह्यजे. तो स्लग, आबाजी! म्हणून भागाचं!"

मला निम्मंच समजलं, पण तिचा आवाज समजला. दुपारभर तिनं मला रतल मागितले अन् मी दिले. बैलाचे, बंडीचे, बुढीचे. बुढी रागावली. एकही उत्तर हजारात गेलं नाही.

संध्याकाळी तिनं कोणाला न विचारता पुस्तक पिशवीत घातलं. मी म्हटलं, "पेपरात तुहा आकडा लिही. मी सव्वाबाराच म्हणीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची गादी नीट गुंडाळली, गुडघा देऊन दाबली आणि जिनात बोजे बांधायचो तशी दोरीची गाठ मारली. तिनं घ्यायला हात केला, मी दिली नाही. खांद्यावर टाकली आणि अमरावतीच्या गाडीपर्यंत नेऊन दिली.