फुंकररावांच्या ओठांवरच्या मुंग्या

बँडमध्ये त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. एका दमात ते ट्रम्पेटचा सूर इतका लांबवत की ऐकणाराच धापा टाकू लागे, म्हणून ते फुंकरराव. पण गेल्या वर्षी घराचे दोन जिने चढताना त्यांच्याच नाकी नऊ येऊ लागले. पाय सुजले, झोपायला तीन उशा लागू लागल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हृदय फार अशक्त झालंय. कारण सापडत नाही. ट्रम्पेट मात्र विसरा."

मरणाचं फुंकररावांनी मनाला लावून घेतलं नाही, ट्रम्पेटचं घेतलं. वाद्याची पेटी पलंगाखाली सरकवताना ते चक्क रडले. बायको जन्मभर त्या आवाजाच्या नावाने बोटं मोडत आली होती, पण आता शांत घर तिलाच खायला उठलं.

दोन महिन्यांनी धाप वाढली आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सकाळी नर्सने बीपी बघायला दंडाला पट्टा बांधून फुगवला, तर बघता बघता त्यांचा उजवा पंजा आखडला. बोटं एकमेकांना चिकटली, अंगठा आत वळला.

"घाबरू नका हो सिस्टर," फुंकररावच तिला धीर देऊ लागले. "ट्रम्पेटची बटणं दाबून दाबून बोटं आखडतात. ओठांना मुंग्याही येतात. आमच्या धंद्यात चालायचंच."

"काका, शेवटचं कधी वाजवलंत?"

"दोन महिने झाले."

"आणि मुंग्या?"

"त्या कालही आल्या होत्या," फुंकरराव म्हणाले आणि आपल्याच आखडलेल्या पंजाकडे बघू लागले.

नर्सने शंका येऊन त्यांचा मफलर बाजूला केला. गळ्यावर जुना आडवा व्रण होता. बँडच्या बंद गळ्याच्या कोटाखाली बारा वर्षं तो झाकलेला होता.

"गाठ काढली होती," ते पुटपुटले. "कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या कायमच्या. बरं वाटलं, मग सोडल्या."

"मला तर म्हणालात, डॉक्टरांनीच बंद केल्या!" उशाशी बसलेल्या बायकोने कपाळावर हात मारला.

रक्त तपासलं, तर कॅल्शियम पार तळाला गेलेलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "गळा बघायचं माझ्याकडून राहिलं. त्या ऑपरेशनमध्ये कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींना धक्का बसतो, मग मुंग्या येतात, पंजा आखडतो. हृदयाच्या स्नायूला आवळायला कॅल्शियम लागतं. तेच नाही, तर ते बिचारं काय करणार? भरून काढू. हृदय सावरेल असं वाटतंय."

सलाईनमधून हळूहळू कॅल्शियम गेलं, मग गोळ्या सुरू झाल्या. मुंग्या चार दिवसांत गेल्या. महिन्याभरात तीन उशांची एक झाली. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हृदयाचा रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला आणि हसून म्हणाले, "वाजवा."

मैदानावर सामन्याआधी बँड उभा राहिला. फुंकररावांनी कोटाचं वरचं बटण मुद्दाम उघडं ठेवलं होतं. दिसला व्रण तर दिसू दे. पेटीत ट्रम्पेटच्या तेलाच्या बाटलीशेजारी बायकोने गोळ्यांची डबी ठेवली होती, आणि सकाळची गोळी तिच्या देखत गिळल्याशिवाय पेटी हातात मिळाली नव्हती. त्यांनी तो लांब सूर धरला. धरला तो धरलाच. लोक बोलायचे थांबले, खेळाडू वळून बघू लागले. सूर संपला तेव्हा सगळं मैदान ओरडत होतं, आणि त्या गलक्यातही पहिल्या रांगेतून बायकोचा आवाज आला, "मुंग्या?"

"एकही नाही!" फुंकरराव तिथूनच ओरडले आणि त्यांनी ट्रम्पेट पुन्हा ओठांना लावलं.