कुणी सांगितलं तिला कडक भाकरी आवडायची?

गौरक्का गेल्याची बातमी मला मोबाईलवर कळली. आमच्या भागाच्या ग्रुपवर तिचा फोटो, फोटोभोवती कुणीतरी चिकटवलेली कमळं आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी दळण आणायला निघाले होते. एका पायात चप्पल, हातात ज्वारीचा डबा... तशीच उंबऱ्यात बसले. सकाळीच ती मला भाजीच्या गाड्यापाशी भेटली होती. मेथीच्या जुडीत गवतच जास्त आहे म्हणून भाजीवाल्याशी भांडत होती आणि भांडता भांडता मला म्हणाली होती, "सुमे, सोमवारी येते ग." दुपारी सगळ्यांची जेवणं उरकली, ओटा पुसला, ओट्याला टेकून खाली बसली ती परत उठलीच नाही. तिचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी धावत निघाले तोवर फोन नुसता टिंग टिंग वाजत होता. 'साक्षात अन्नपूर्णा.' 'दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही.' 'स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही.' शेवटचं वाक्य तर इतक्या जणांनी लिहिलं होतं, की मला वाटलं फोन उचलून गटारात टाकावा.

काही आठवडे झाले त्याला. रडून झालं, भेटायला येणारे येऊन गेले. आता राग उरलाय. स्वतःसाठी काही मागितलं नाही हे काय एखाद्या बाईचं कौतुक झालं? मागितलं नाही हे सगळ्यांना एवढं ठाऊक होतं, तर मग कुणी आपणहून दिलं का नाही? हे विचारलं की लोक म्हणतात, सुमनताई, आता ती वेळ नाही. मग वेळ कधी असते ते तरी सांगा.

गौरी, म्हणजे ही गौरक्का, आणि मी एकाच गावच्या, अक्कलकोटच्या खालच्या अंगाला. घरात कन्नड, शाळेत मराठी, भांडणात जे आधी तोंडाला येईल ते. तिचं घर आणि आमचं घर यांच्यात एक भिंत होती आणि त्या भिंतीतल्या खिडकीतून तिच्या आईची चूल दिसायची. गौरी पाच भावांच्या पाठीवरची, म्हणून लाडाची. आईनं भाकरी थापायला घेतली की ही चुलीपाशी जाऊन बसायची. पहिली भाकरी टम्म फुगली की आई ती हिच्या ताटलीत टाकायची. ही बोटानं पापुद्रा फोडायची, आतली वाफ तोंडावर घ्यायची आणि त्या भोकात लोण्याचा गोळा सोडायची. भाऊ ओरडायचे. आई म्हणायची, "तुम्ही थांबा, तिला बिसी रोट्टीच लागते." बिसी रोट्टी म्हणजे गरम भाकरी. जरा गार झाली तरी ही बाई ताटली सरकवून द्यायची. हे मी ऐकलेलं नाही, खिडकीतून डोळ्यांनी बघितलेलं आहे, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलेलं आहे.

लग्नं होऊन दोघी सोलापुरात आलो. माझं घर लहान, तिचं भरलेलं. सासू, सासरे, दीर, नणंदा, येणारे-जाणारे. सून म्हणून स्वयंपाक तिच्याकडे आला आणि मग कायमचा तिच्याकडेच राहिला. तिच्या हातचं जेवण म्हणजे काही मोठी पक्वान्नं नव्हती. येसराची आमटी, भाकरी, कुटून ओली झालेली शेंगाचटणी, पालेभाजी आणि डाळ घोटून केलेलं गरगट्टं, ताप आलेल्या माणसाला ज्वारीच्या कण्या. पण ते जेवून उठलेल्या माणसाचा चेहरा बदललेला असायचा. माझे यजमान गेले तेव्हा माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं. हिनं काही समजावलं नाही, की पाठीवरून हात फिरवला नाही. आमटीत भात कालवून वाटी पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "ह्यात मीठ कमी पडलंय का बघ जरा." मी मीठ बघता बघता वाटी संपवली. मीठ अगदी बरोबर होतं.

आता त्या कडक भाकरीचं सांगते. बाहेरगावच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आमच्याकडची कडक भाकरी ही चांगली चीज आहे. पातळ थापून, मंद आचेवर वाळवून मुद्दाम केलेली, दह्यात शेंगाचटणी कालवून खावी, प्रवासात न्यावी, पुण्याच्या पाहुण्यांनी पाकिटं भरून न्यावी. मलाही आवडते. पण गौरी जी खात होती ती ही नव्हे. घरच्यांची गरम जेवणं झाली की सकाळची उरलेली, न फुगलेली, कडेला चिरलेली भाकरी बुट्टीत असायची. बुट्टी म्हणजे भाकऱ्यांची वेताची टोपली. त्यातली भाकरी ती विझत्या चुलीच्या आणि पुढं गॅसच्या तव्यावर उभी करून कडक करायची, कारण तशी केली की शिळेपणा जाणवत नाही. लग्न होऊन वर्षही झालं नसेल, तेव्हा सासूनं एकदा म्हटलं होतं, "अगं शिळी काय खातीस, गरम थाप की एक तुला." सासू वाईट नव्हती हो. पण चूल विझत आलेली, परात धुऊन ठेवलेली, एकटीसाठी परत पाणी उकळायचं, परत पीठ मळायचं, आणि बाहेर दीर पाणी मागत होते. गौरी म्हणाली, "असू द्या, मला कडकच आवडती."

एवढंच. एवढं एक वाक्य. तिनंच मला ते हसत हसत सांगितलं होतं. पण त्या वाक्याला घरानं जे धरलं ते धरलंच. "गौराला कडक लागते हं, तिची काढून ठेवा." नणंद माहेरपणाला आली की सकाळी मुद्दाम दोन भाकऱ्या जास्त थापायला लावायची, का, तर रात्री वहिनीला कडक करता याव्यात! मुलगा मल्लिनाथ मिळवता झाला, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर झाला, तर पहिल्या पगारातून आईसाठी साडी आणि वर कडक भाकरीची पाकिटं. तो प्रेमानंच आणायचा, हेच तर माझं दुखणं आहे. कुणी तिचा छळ केला असता तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. सगळे मिळून तिच्या बाबतीत इतक्या प्रेमानं चुकले, की भांडायला जागाच ठेवली नाही.

पुढं तिचे दात हलायला लागले. भाकरी आमटीत बुडवून, बोटांनी कुस्करून खायची. घरच्यांना वाटलं, बघा, किती चवीनं खाते. मग मल्लिनाथनं काय केलं? आईला तिची आवडती भाकरी खाता यावी म्हणून कवळी बसवून आणली. चांगल्या डॉक्टरकडे नेलं, सुट्ट्या टाकल्या, जाऊन-येऊन सगळं केलं. गौरी मला कवळी दाखवायला आली, तोंड उघडून "कशी दिसते?" म्हणाली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चिडले. "अगं, सांगून टाक की आता एकदा! सासू राहिली नाही, यजमान राहिले नाहीत, घाबरतीस कुणाला?" तर म्हणते, "सुमे, पोरगं एवढं कौतुकानं करतंय. त्याला काय सांगू? इतकी वर्षं मी खोटं बोलले म्हणून?" माझा राग तिच्यावरही आहे, हे लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे.

सोमवारी ती देवळात जाऊन येते असं घरी माहीत होतं. देवळातून ती माझ्याकडे यायची. मी परात घेऊन बसायची, ती तव्यासमोर पाट ओढायची. बोलणं फारसं नसायचं. भाकरी फुगली की मी तिच्या ताटलीत टाकायची, ती बोटानं पापुद्रा फोडायची, वाफ तोंडावर घ्यायची... वरून लोणी. एक संपली की ताटली नुसती पुढं सरकवायची. तेव्हा ती कवळी काढून पदराला बांधून ठेवायची, कारण गरम भाकरीला दात लागतच नाहीत.

आमच्यात दहन नसतं, माती देतात. तिसऱ्या दिवशी जाऊन मातीवर दूध-तूप घालायचं आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचं खाणं ठेवायचं, अशी रीत आहे. मीही गेले होते. गौरीच्या नणंदेनं डब्यातून शेंगापोळी काढली, भात काढला, आणि मग मल्लिनाथ म्हणाला, "थांबा, आईचं मेन." पिशवीतून त्यानं पाकीट काढलं. दुकानातलं. वर छापलेलं, 'खास सोलापुरी कडक भाकरी'. आमच्यात सुतक पाळत नाहीत, चूल बंद नसते, पण सुवर्णाला, म्हणजे त्याच्या बायकोला, रडण्यातून सावरून भाकरी थापणं जमलं नव्हतं, म्हणून बाजारातून आणलेलं. हात दुधानं ओले, पाकीट फाटेना, तर त्यानं ते दातांनी फाडलं. नणंद म्हणाली, "वहिनीला लई आवडायची की." सगळ्यांनी मान हलवली. आणि ती भाकरी त्यांनी तिच्या डोक्याशी ठेवली! जन्मभर खाल्ली ती पुरली नाही म्हणून वर अजून एक. माझ्या तोंडात शब्द आले होते. पण मल्लिनाथ मातीवर हात ठेवून लहान पोरासारखा हुंदके देत होता. मी तोंड मिटलं आणि घरी येऊन भांडी आपटली.

परवा संध्याकाळी शेंगाचटणी कुटली होती ती द्यायला त्यांच्याकडे गेले. मल्लिनाथ नुकताच कामावरून आला होता, हातपाय धुऊन ताटावर बसला होता. "मावशी, बसा की, दोन घास खावा," म्हणाला. सुवर्णा भाकऱ्या थापत होती. केम गावची पोर, हात चांगला आहे तिचा. पहिली फुगलेली त्याच्या ताटात, दुसरी माझ्या. मग माझं लक्ष तव्याकडे गेलं. तव्याच्या कडेला, सकाळची एक चिरलेली भाकरी तिनं उभी करून ठेवली होती. शेजारी तीच बुट्टी. मल्लिनाथनं माझी नजर बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. "बघा मावशी, सुवर्णाला पण आता आईसारखी कडकच आवडायला लागली. आई गेली असं वाटतच न्हाय."

आता बोलायचं, असं मी ठरवलं, पण माझ्या आधी सुवर्णाच बोलली. तिचे हात परातीत थांबले होते. भिंतीकडे तोंड करून, अगदी हळू म्हणाली, "मला न्हाय आवडत."

"काय न्हाय आवडत?"

"कडक. उरती म्हनून खाते मी." मग जरा थांबून, "टाकून कशी द्यायची?"

मल्लिनाथ हसायला गेला आणि मधेच थांबला. सुवर्णाकडे बघितलं, तव्यावरच्या भाकरीकडे बघितलं, बुट्टीकडे बघितलं. कारखान्यात धाग्यातला दोष लांबून ओळखणारा माणूस आहे तो, मठ्ठ नाही. त्याचा चेहरा उतरत गेला तो मी समोर बसून बघितला. मग तो माझ्याकडे वळला. "मावशी... आईला तर आवडायची ना?"

इतकी वर्षं ज्या प्रश्नाची मी वाट बघत होते तो असा आला. हो म्हटलं असतं तर पोरगा रात्री शांत झोपला असता. गौरीनंही हो म्हणायला सांगितलं असतं, मला खात्री आहे. पण परातीपाशी सुवर्णा बसली होती, तिचे कान माझ्याकडे होते.

"नाही," मी म्हटलं. "तिला बिसी रोट्टी लागायची. आईच्या घरी असताना गार भाकरीला हात लावत नव्हती."

तवा तापून धूर यायला लागला तसा सुवर्णानं गॅस बारीक केला. मग मल्लिनाथनं आपल्या ताटातली, अजून न मोडलेली गरम भाकरी उचलली आणि सुवर्णाच्या ताटलीत ठेवली. तव्याच्या कडेची ती चिरलेली घेतली. आमटीत न बुडवता, तशीच कोरडी तोंडात घातली. स्वयंपाकघरात कडकड आवाज झाला. तो चावत राहिला, चावत राहिला, डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसलं नाही.

"लई कडक हाय की ही," तो म्हणाला.

माझा राग गेला असं समजू नका. अन्नपूर्णा म्हणणाऱ्यांवर आहे, त्या पाकिटावर आहे, गौरीवर आहे. सोमवारी अजून माझा हात जास्तीचं पीठ घेतो आणि पाट तव्यासमोर असतो. पण त्या घरची बुट्टी आता ओट्यावरून खाली आली आहे. काल गेले तेव्हा सुवर्णानं तिच्यात लसूण ठेवला होता.